हयातीचा दाखला

नाटकाचे परीक्षण लिहिणाऱ्याला तिकीट फुकट मिळते. पुस्तकाचे परीक्षण लिहिणाऱ्याला पुस्तक फुकट मिळते. घराचे परीक्षण लिहिणाऱ्याला घर फुकट मिळावे, इतकी काही माझी अपेक्षा नव्हती. पण जेवण तरी वेळेवर मिळेल असे वाटले होते. तेही मिळाले नाही. त्याला कारण भिंतीवरचे सात पाट. पण ते पुढे येईलच.

झाले असे, की माझ्या मेहुण्याने पुण्यात बाणेरला अकराव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. मेहुण्याची बायको हौशी. घराची सगळी सजावट तिने कोणाही तज्ज्ञाला न बोलावता स्वतः केली. वास्तुशांतीचे बोलावणे करायला दोघे आमच्याकडे आले, तेव्हा मेहुणा म्हणाला, "भावोजी, तुम्ही एवढं कशाकशावर लिहिता, एकदा आमच्या घरावर लिहा की. आमचं घर इक्लेक्टिक आहे."

मला ते 'इलेक्ट्रिक' ऐकू आले. म्हटले, "हल्ली सगळ्यांचीच असतात. आमच्याकडे तर दर महिन्याला बिलसुद्धा येतं."

आमच्या हिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर लग्नाला वीस वर्षे झालेल्या वाचकांना सांगायला नको. मग मेहुण्याच्या बायकोने समजावून सांगितले. इक्लेक्टिक म्हणजे थोडे इथले, थोडे तिथले. थोडे आजोबांच्या काळातले, थोडे परवाचे. रंग एकमेकांशी जुळत नाहीत, नक्षी जुळत नाही, पण ते न जुळणे मुद्दाम जुळवून आणलेले. "आणि जुन्या वस्तू टाकून न देता त्यांना नवं आयुष्य द्यायचं, भावोजी."

आता असल्या विषयावर मत देण्याची माझी पात्रता काय? मी बी.कॉम. आहे आणि बँकेत कारकून आहे. पण सही खरी की खोटी, हे पाहण्याचे काम मी गेली वीस वर्षे करतो आहे. चित्रांच्या मोठमोठ्या समीक्षकांनाही शेवटी तेच पाहावे लागते असे ऐकतो. तेव्हा होकार दिला.

वास्तुशांतीच्या दिवशी आम्ही सकाळी लवकर पोचलो. दिवाणखान्यात पाऊल टाकले आणि मला क्षणभर घेरीच आली. सोफा चौकड्यांचा. त्यावर इरकली काठांच्या उशा. उशांच्या शेजारी जयपुरी ठशांच्या हत्तींच्या उशा. खाली पट्ट्यापट्ट्यांची सतरंजी. पडद्यांवर वारली मंडळी हातात हात घालून नाचताहेत, आणि समोरच्या अख्ख्या भिंतीला केळीच्या पानांचा कागद. हत्ती केळीच्या पानांकडे बघत होते, एवढाच काय तो त्या खोलीतला परस्परसंबंध. बाकी कोणाचेच कोणाशी पटत नव्हते. पण थोडा वेळ बसल्यावर डोळे सरावले आणि एखाद्या एकत्र कुटुंबात आल्यासारखे वाटू लागले. तिथेही कोणाचे कोणाशी पटत नसतेच. तरी फोटो मात्र चांगला येतो.

नक्षीनंतर वस्तू. एका जुन्या वाड्याचे दार आडवे करून त्याचे जेवणाचे टेबल केले होते. दारावरची लोखंडी फुले तशीच ठेवली होती आणि कडीही तशीच. कोपऱ्यात तांब्याचा बंब होता. त्याच्या धुराड्यातून बल्ब बाहेर आला होता. एका सुपाच्या आत दिवा बसवून ते छताला टांगले होते. बरोबर त्याच्याखाली, सोफ्यासमोर, एक दगडी जाते. त्यावर गोल काच, काचेवर जाडजाड पुस्तके आणि माझा चहा. म्हणजे वर सूप, खाली जाते. सुपातले हसतात आणि जात्यातले रडतात, ही म्हण मला आठवली. पण शुभ दिवस असल्यामुळे मी ती चहाबरोबर गिळली.

आम्हा वाणिज्य शाखेच्या लोकांना घसारा नावाचा एक प्रकार शिकवतात. वस्तू घेतली की दर वर्षी तिची किंमत थोडी थोडी कमी लिहीत जायची; अखेर उरते ती भंगाराची किंमत. मेहुण्याने मला बंबाची किंमत सांगितली, तेव्हा मी शिकलेला सगळा घसारा एका दमात उलटा फिरला. आमच्या घरीही असाच बंब होता. गीझर आल्यावर आईने तो मोडीत घातला आणि त्याबदली कुकर घेतला. आमचा बंब किलोवर गेला. हा नगावर आला होता.

खरे सांगायचे तर वस्तूला नवे आयुष्य देण्याची कला मी आईच्या घरात पाहिली, फक्त तिला तिथे नाव नव्हते. डालड्याच्या पिवळ्या डब्यात तुळस होती. दोन ट्रंका शेजारीशेजारी लावून, वर गादी टाकून त्यांचा दिवाण झाला होता. पाहुणे उठेपर्यंत हिवाळ्याचे कपडे काढता येत नसत. आणि साडी! आईच्या साडीची सेवापुस्तिका लिहिली असती तर सरकारी नोकराने मान खाली घातली असती. प्रथम नेमणूक लग्नकार्यात. काही वर्षांनी बदली रोजच्या वापरात. तिथून खिडकीचा पडदा. पडद्यावरून गोधडीच्या आतल्या थरात. गोधडी फाटली की पायपुसणे, आणि शेवटी सायकल पुसायचे फडके. मध्ये कुठे बोहारीण आडवी आली तर मुदतपूर्व निवृत्ती आणि त्याबदली स्टीलचे पातेले. पडदा एका रंगाचा, चादर दुसऱ्या, उशी तिसऱ्या. आमच्या घरातही काहीच कशाला जुळत नव्हते. फक्त त्याला आम्ही इक्लेक्टिक म्हणत नसू. पसारा म्हणत असू.

एवढ्यात गुरुजी आले. त्यांनी पिशवी उघडली, सामानाची यादी तपासली आणि म्हणाले, "यजमानांना बसायला दोन पाट द्या."

सगळ्यांनी भिंतीकडे पाहिले. जेवणाच्या टेबलामागच्या भिंतीवर सात पाट होते. शिसवी, सागवानी, पितळी फुल्यांचे; चढत्या क्रमाने तिरपे लावलेले.

"तिथले दोन काढा," गुरुजी म्हणाले.

"निघत नाहीत, गुरुजी. स्क्रू आहेत."

"मग स्क्रू काढा."

पेचकस शोधण्यात पाऊण तास गेला. सुताराला फोन लावला, तो उचलेना. शेवटी मी आणि मेहुणा मजल्यावर दारोदार पाट मागत फिरलो. एका आजींनी एक लाकडी पाट दिला आणि दुसऱ्या घरातून निळ्या प्लॅस्टिकचा मिळाला. लाकडी पाटावर मेहुणा आणि प्लॅस्टिकच्या पाटावर पैठणीतली त्याची बायको, असे दोघे पूजेला बसले. भिंतीवर सात पाट आणि यजमान उसन्या पाटांवर! माझ्यातल्या समीक्षकाने तिथेच पहिली नोंद केली.

पूजा लांबली, तसे जेवण लांबले. भुकेल्या माणसाने काय करावे? मी जात्यावरचे एक जाड पुस्तक उघडले. ते टाकाऊ वस्तूंतून झालेल्या कलेवरच होते. त्यात एक मुत्री होती. वाचकहो, दचकू नका. १९१७ साली मार्सेल द्यूशाँ नावाच्या फ्रेंच गृहस्थाने न्यूयॉर्कमध्ये चिनी मातीची एक तयार मुत्री घेतली, तिच्यावर भलत्याच नावाची सही ठोकली, 'कारंजे' असे नाव दिले आणि कलाप्रदर्शनाला पाठवून दिली. संयोजकांनी ती मांडली नाही. पण पुढे त्या मुत्रीने कलेचा इतिहास बदलला. खोटी सही म्हटल्यावर माझे कान टवकारले. आमच्याकडे असा चेक उलट्या पावली परत गेला असता. तिकडे तो शंभर वर्षे वटतो आहे.

पुढच्या पानावर मात्र आपल्या जातीचा माणूस भेटला. नेकचंद. चंडीगडच्या बांधकाम खात्यात रस्त्यांवरचा निरीक्षक. नवे शहर उभारण्यासाठी जुनी गावे पाडली, त्यांचा राडारोडा इतस्ततः पडला होता. १९५७च्या सुमारास हा गृहस्थ नोकरी सांभाळून तो सायकलवरून गोळा करू लागला. फुटक्या बांगड्या, कपबश्यांचे तुकडे, विजेची मोडकी बटणे. सुखना तलावाजवळच्या सरकारी जंगलात त्याने त्यातून माणसे, प्राणी, पक्षी उभे केले, तेही चोरून. सरकारला त्याचा पत्ता लागायला अठरा-एक वर्षे गेली. यावरून ती जागा सरकारीच होती, याविषयी शंका राहत नाही. पण नवल म्हणजे त्याला नोटीस न देता सरकारने पगार दिला, हाताखाली माणसे दिली आणि १९७६ साली बाग लोकांना खुली केली. मी पुस्तक मिटून क्षणभर हात जोडले. जगातल्या सर्व कारकुनांच्या वतीने.

"काय रे, ह्याचा खुंटा कुठाय?"

मी वर पाहिले. सासूबाई जात्यासमोर उभ्या होत्या. तेव्हा मला कळले, की ते जाते बाजारातून आणलेले नव्हते. साताऱ्याचे घर विकले तेव्हा मेहुण्याने ते आठवणीने गाडीत घालून आणले होते.

"कापला, आई," मेहुणा म्हणाला. "काच लेव्हलला बसत नव्हती."

सासूबाई काही बोलल्या नाहीत. काचेखाली बोट घालून त्यांनी खुंट्याचे भोक चाचपले. मग आमच्या हिच्याकडे वळून एवढेच म्हणाल्या, "तुझ्या लग्नाची हळद ह्याच्यावर दळली होती."

मी माझा कप हळूच उचलून जमिनीवर ठेवला.

खोलीत जी शांतता पसरली, ती मेहुण्याच्या बायकोनेच मोडली. तिच्या डोळ्यांत पाणी होते, पण आवाज ठाम होता. "आई, हे जातं तिथेच राहिलं असतं तर नव्या मालकानं फोडून पायात घातलं असतं. बंब भंगारात वितळला असता. दार जळणात गेलं असतं. मी भिंतीवर लावलं, छताला टांगलं. पण वाचवलं तरी."

परीक्षण लिहिणाऱ्याने खोटे लिहू नये. मुलीचे म्हणणे खरे होते. तिने दिव्याला लावला तसलाच बंब आम्ही किलोवर विकला होता आणि वर कुकर घेतल्याचा आनंद साजरा केला होता. दोषी कोण? पुण्यातच दिनकर केळकरांनी, म्हणजे 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या कवीने, लोकांनी अडगळीत टाकलेले अडकित्ते, दिवे, दौती, भांडी आयुष्यभर गावोगाव हिंडून गोळा केली. वीस हजारांहून जास्त वस्तू. लहानपणीच गेलेल्या मुलाच्या नावाने त्यांनी संग्रहालय केले. त्यांनी ते केले नसते, तर आपले पणजोबा सुपारी कशी कातरत होते हे सांगायला एक अडकित्ता उरला नसता.

पण संग्रहालयात कोणाला पूजेला बसायचे नसते. घरात बसायचे असते. घोटाळा आहे तो इथे.

आणि इथेच, वाचकहो, माझा बँकेतला अनुभव कामी आला. दर नोव्हेंबरात आमच्या काउंटरवर निवृत्त मंडळींची रांग लागते. माणूस समोर उभा असतो, नाव सांगतो, वर माझ्या तब्येतीची चौकशी करतो. पण तेवढ्याने भागत नाही. तो जिवंत आहे असा हयातीचा दाखला द्यावा लागतो, तरच पेन्शन चालू राहते. हल्ली तो यंत्रावर अंगठा टेकवूनही होतो. मी मनाशी ठरवले, की या घरातल्या प्रत्येक वस्तूकडे हयातीचा दाखला मागायचा. प्रश्न एकच: बाई गं, तू सध्या काय काम करतेस?

बंब उजेड देतो. पाणी तापवायचा, आता प्रकाश देतो. ही बदली झाली, निवृत्ती नव्हे. दाखला मंजूर. सूप, मंजूर. दाराचे टेबल लंगडत मंजूर. आमटीची वाटी लोखंडी फुलावर डोलते आणि कडी पैठणीत अडकते. पण भूक लागली की कडी वाजवता येते, ही सोय दुसऱ्या कुठल्या टेबलाला नाही. सात पाट मात्र नामंजूर. पाटाचे काम भुईवर असते. स्क्रूने जखडल्यावर तो पाट राहत नाही, पाटाचा फोटो होतो. आणि जाते? त्यावर मी कप ठेवला होता, म्हणजे ते काम करीत होते. पण खुंटा कापून. दुसरे काम देताना पहिल्या कामाची वाटच कायमची बंद करायची, याला बदली म्हणत नाहीत.

हे मी एवढ्या पोटतिडकीने का लिहितो आहे, असे वाटेल. कारण साधे आहे. २०१६ साली यूपीआय आले आणि भाजीवालीच्या पाटीतही तो काळा-पांढरा चौकोन येऊन बसला. पैसे काढायला, भरायला आता माझी गरज पूर्वीइतकी उरलेली नाही. पासबुक यंत्र छापते. मी सध्या सुपात आहे. बँकेने मला अजून छताला टांगलेले नाही, हे तिचे उपकार. उलट वयस्कर खातेदारांना मोबाइलवरून पैसे कसे पाठवायचे आणि कोणाला अजिबात पाठवायचे नाहीत, हे शिकवायच्या टेबलावर बसवले आहे. काम नवे आहे, पण खुंटा शाबूत आहे. म्हणून जुन्या वस्तूचे नवे काम पाहताना मला ती खरोखर कामावर आहे की नुसती शोभेला बसवली आहे, हे विचारावेसे वाटते. प्रश्न फक्त बंबाचा नाही.

असो. गोष्ट राहिली.

मेहुण्याची पाच वर्षांची लेक मघापासून सगळे ऐकत होती. ती आत पळाली आणि खेळण्यांच्या टोपलीतून एक लाकडी दांडके घेऊन आली. "आजी, हा?"

खुंटाच तो. सुताराने कापलेला, गुळगुळीत झालेला.

"हा माझा माइक आहे," ती म्हणाली, आणि तो तोंडापुढे धरून तिने शाळेतले गाणे म्हणून दाखवले. सासूबाई इतका वेळ गप्प होत्या, त्या हसल्या. मलाही पटले. खुंटा हातात धरून गाणे, ही गोष्ट त्या खुंट्याला नवी नव्हती. पहाटेच्या अंधारात बायांनी त्याला धरून पिढ्यान्‌पिढ्या ओव्याच म्हटल्या होत्या. त्या अख्ख्या घरात वस्तूला नवे आयुष्य कोणी खरोखर दिले असेल, तर ते या पोरीने, कुठलेही पुस्तक न वाचता.

जेवणे साडेतीनला झाली. दुपारी पाहुणे पांगले, वातानुकूलन यंत्र अंगावर येऊ लागले आणि पोरगी चौकड्यांच्या सोफ्यावर झोपली. सोफ्याच्या पाठीवर एक गोधडी शोभेसाठी टाकलेली होती. सासूबाईंनी ती ओढली आणि तिच्या अंगावर घातली. मी जवळून पाहिली. एका चौकोनात मेहुण्याचा शाळेचा सदरा होता. एकात आमच्या हिचा फुलाफुलांचा फ्रॉक. एकात सासऱ्यांच्या लुंगीच्या चौकटी, एकात कसलेसे ठिपके. फुले, पट्टे, ठिपके, चौकटी. एकाचे दुसऱ्याशी जमत नव्हते. पण वरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकच धावदोरा गेला होता, आणि त्याने सगळ्यांना एकत्र धरून ठेवले होते.

त्या जाड पुस्तकात अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या गीज बेंड नावाच्या वस्तीच्या गोधड्या होत्या. एके काळी गुलामगिरीत असलेल्या लोकांच्या लेकीसुनांनी शेतात घालून विरलेल्या कपड्यांतून, थंडी भागवायला शिवलेल्या. २००२ साली त्या न्यूयॉर्कच्या मोठ्या कलासंग्रहालयात टांगल्या गेल्या, २००६ साली त्यांची टपालाची तिकिटे निघाली. फोटो बघताना मला वाटले होते, यात एवढे काय? सासूबाईंची गोधडी पाहिल्यावर कळले. न जुळणाऱ्या नक्ष्या शेजारीशेजारी ठेवणे कोणालाही जमते. त्यांच्यामधून जाणारा दोरा लागतो, आणि तो दुकानात मिळत नाही.

तेव्हा परीक्षणाचा समारोप: रंगसंगती धाडसी. कल्पकता भरपूर. नेपथ्य उत्तम, पण काही पात्रांना संवादच नाहीत. गोधडीला पैकीच्या पैकी गुण. खुंट्याला सुवर्णपदक. पाट आणि जाते यांनी पुरवणी परीक्षेला बसावे.

हे मी मेहुण्याला फोनवर वाचून दाखवले. पलीकडे बराच वेळ शांतता होती. आठवड्याने त्याचा फोन आला.

"भावोजी, जात्याला नवा खुंटा बसवून घेतला. काच काढली. आई म्हणाली, हिच्या हळदीला उपयोगी पडेल."

"आणि पाट?"

"पाटही काढले. सातही. परवा सगळे खालीच जेवायला बसलो. पण भिंतीला चौदा भोकं पडलीत हो. तिथं काय लावू?"

मी म्हटले, "आमच्या बँकेचं कॅलेंडर पाठवतो. ते जगातल्या कुठल्याच नक्षीशी जुळत नाही. तुमच्याकडे अगदी शोभून दिसेल. आणि एकादशी कधी आहे तेही कळेल."